शिरगणतीचे दप्तर आणि आमचे घराणे

आमच्या घराण्याचा वंशवृक्ष लहान आणि त्याखालच्या टिपा मोठ्या, असा प्रकार झाला आहे; आणि खरे सांगायचे तर मला वृक्षापेक्षा टिपांचाच अभिमान अधिक वाटतो. खापरपणजोबा कोण होते, हे गावातले कोणीही म्हातारे माणूस ओसरीवर बसल्या बसल्या सांगेल. परंतु ते कोणत्या दप्तरात, कोणत्या पानावर, कितव्या रकान्यात आहेत, हे सांगणारा इसम मंगरूळपीर तालुक्यात माझ्यावाचून दुसरा नसावा, अशी माझी नम्र समजूत आहे.

या समजुतीला उत्तेजन दिले ते अमेरिकेतल्या पुतण्याने. तिकडे शिरगणतीचे मूळ तक्ते 72 वर्षांनी लोकांस खुले होतात. 1950 सालचे 2022 च्या एप्रिलात झाले. साल, राज्य, परगणा, गणनेचा विभाग, पान, ओळ अशा क्रमाने त्यांचा संदर्भ लिहिण्याचे तिथल्या हौशी मंडळींनी शास्त्रच करून टाकले आहे. ‘काका, तुम्हीही तसेच लिहा,’ असे त्याने फर्मावताच मी 1881 पासून दर दहा सालांची एकेक फाईल आणली आणि पाठीवर सुवाच्य अक्षरांत सन घातले. त्या फायली आजही नव्यासारख्या दिसतात, कारण त्यांत ठेवायला काहीच मिळाले नाही. वऱ्हाडात पहिली शिरगणती 1867 साली झाली खरी, पण सरकारने माणसे मोजली, बेरजा छापल्या आणि नावे सोडून दिली. पुढे स्वतंत्र भारताच्या 1948 च्या जनगणना कायद्याने, कलम 15 अन्वये, मूळ नोंदी पाहण्याची किंवा पुराव्यात दाखल करण्याची वाटही बंद केली. अपवाद 1951 च्या नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा. ती शिरगणतीच्या चिठ्ठ्यांवरूनच उतरवलेली, आणि 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधात जी दप्तरे धुंडाळली गेली, त्यांत तिचेही नाव होते.

संदर्भ लिहायचा तर आधी गाव कोठे आहे हे ठरले पाहिजे, आणि इथे मला थोडे विषयांतर करू द्यावे. आमचे खेडे जागचे हललेले नाही. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाच्या नावावर राहून इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1903 साली ते मध्य प्रांताला जोडले. 1950 मध्ये त्याचा मध्यप्रदेश झाला, 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. जिल्ह्याची कथा याहून रम्य आहे. पणजोबा जन्मले वाशीम जिल्ह्यात. 1905 मध्ये तो जिल्हाच मोडला आणि वाशीम, मंगरूळ हे तालुके अकोल्यास, तर पुसद यवतमाळास देण्यात आले, त्यामुळे पुसदकडे दिलेली त्यांची बहीण चूल न सोडता परजिल्ह्याची झाली. आजोबा आणि वडील अकोल्याचे म्हणूनच वारले. 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला आणि मी, एकही बैलगाडी न जुंपता, पणजोबांच्या जिल्ह्यात परत आलो! या प्रवासाची टीप मी पुतण्याला पाठवली, तेव्हा ‘तुम्ही लोक फार फिरलेले दिसता,’ असे त्याने कळवले.

शिरगणती निरुपयोगी ठरल्यावर मी कोतवाल बुकाकडे वळलो. जन्ममृत्यूची ही गावनोंद, शाळेचे दाखल-खारीज आणि जुने खासरापत्रक यांवरच आमच्याकडचे वंशशास्त्र उभे आहे. नकलेचा अर्ज लिहिताना मी स्वतःस ‘संशोधक’ म्हणवून घेतले. कारकुनाने ते खोडून ‘अर्जदार’ केले. बुकाची पाने तांबूस, शाई फिकी. अनुक्रम, तारीख, बापाचे नाव, जात, मरणाचे कारण. 1918 च्या आश्विन-कार्तिकात, मानमोडीच्या साथीत, कारणाच्या रकान्यात ‘ताप’ लिहून खाली नुसती ‘सदर’ची रांग लावली आहे. त्या रांगेत आमच्या पणजोबांच्या नावापुढे लिहिले आहे: मुलगी, वय 2. तिचे नाव लिहिलेले नाही. घरात कोणाला ठाऊक नाही, आणि त्या ओळीची टीप कशी लिहावी हे पुतण्याच्या शास्त्रात सापडत नाही.

मला राग येतो तो इथे. याच वाशीममध्ये, वत्सगुल्म म्हणून ती वाकाटकांची राजधानी होती तेव्हाचा, विंध्यशक्ती दुसऱ्याचा ताम्रपट 1939 साली सापडला. त्यात दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावे गोत्रांसह कोरलेली आहेत. जमीन घेणाऱ्याचे नाव दीड हजार वर्षांहून अधिक टिकते. तापाने गेलेल्या पोरीचे त्याच दिवशी कागदावर चढत नाही.

2021 ची जनगणना लांबली. आता 1 मार्च 2027 हा तिचा संदर्भदिन ठरला आहे. प्रगणक दारी येईल, विचारील आणि जाईल. त्याने लिहून घेतलेले तुमच्या नातवंडांना पाहता येणार नाही. म्हणून वाचकहो, त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची नावे एका कोऱ्या कागदावर स्वतः लिहा, सुनांची माहेरच्या नावांसह आणि लेकरांची ती कितीही लहान असली तरी; खाली तारीख, गाव, तालुका आणि त्या दिवशी असेल तो जिल्हा घाला, आणि कागद पेटीत ठेवा.