बावखल बुजवून निसर्गाला जागा द्या : नवशिक्यांसाठी

शहरात निसर्गाला जागा द्यायला हवी, असे हल्ली सगळेच म्हणतात. वसईत पंचाईत एवढीच, की ती जागा निसर्गाने आधीच अडवून ठेवली आहे. म्हणून पहिल्यांदा ती त्याच्याकडून सोडवून घ्यायची आणि मग समारंभाने थोडी परत करायची. हा क्रम चुकवू नये.

हात बसेपर्यंत बावखलच घ्यावे. तिवरांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. कांदळवन तोडणे गुन्हा आहे आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायचा, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावले आहे. ते काम मुरलेल्यांचे. बावखल गरीब बिचारे. वाडीच्या कडेला खणलेला मोठा खड्डा, त्यात पावसाचे पाणी. ते जमिनीत झिरपते, शेजारच्या विहिरीला पोचते, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहीर गोड राहते. पूर्वी हेच पाणी रहाटाने केळीला आणि पानवेलीला जाई. राजेळी केळी आणि तिची सुकेळी त्यावर पोसली. हा इतिहास वाचून मन हळवे होत असेल, तर हा धंदा तुमचा नव्हे.

साहित्य : डंपर, राडारोडा, वर पसरायला तांबडी माती आणि जोडून आलेली सुट्टी. सातबारा आधी पाहावा. बावखलाची नोंद असेल तर मोजणी मागवावी, म्हणजे बराच वेळ मिळतो. नोंद नसेल तर बावखलही नाही. नसलेली वस्तू बुजवल्याचा आरोप कुणी कसा करील?

भर एका कोपऱ्यातून टाकावी. पाण्याकडे पाहू नये. त्यात पाणकोंबडी पिलांना घेऊन फिरत असते, आणि मातीच्या उभ्या काठात बीळ करून खंड्या राहत असतो. त्याला दुसरीकडे जागा दाखवावी, असे काही हळव्या लोकांचे म्हणणे असते. आपण दगडी पिचिंग आणि सिमेंटचा कठडा दाखवावा. चोचीने सिमेंट खणता येत नाही, ही अडचण खंड्याची.

गावकरी जमले तर घाबरू नये, पण सावध असावे. ही माणसे जुनी आहेत. विहिरी उपसणाऱ्या टँकरांविरुद्ध इथे लोक रस्त्यावर उतरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा मराठीचा लेखक आणि धर्मगुरू ‘हरित वसई’च्या लढ्यात पुढे होता. अशा ठिकाणी ‘विकास’ हा शब्द जपून वापरावा. ‘सुशोभीकरण’ चालतो.

आता मुख्य विधी, निसर्ग परत देणे. भरावाच्या एका कोपऱ्यात, इमारतीला नको असलेल्या तिरक्या तुकड्यावर, जैवविविधता उद्यान करावे. हिरवळ लावावी, तिला रोज पाणी लागते, पण ते धामणीच्या धरणातून सूर्या योजनेने येते, त्याची चिंता आपण का करावी? मादागास्करचा गुलमोहर लावावा. करंज, उंबर लावू नये. उंबराला फळे येतात, फळांना पाखरे येतात आणि खाली उभ्या गाड्या खराब होतात. फायबरचा जिराफ ठेवावा. तो काही खात नाही. मध्ये कारंजे हवेच, कारण पाण्याशिवाय निसर्ग उघडा वाटतो.

पहिल्या पावसात बेडूक ओरडले तर सोसायटीच्या सचिवाकडे तक्रार येईल. तक्रार करणाऱ्यांना मच्छरांची गोष्ट सांगावी, बेडूक आणि मच्छर दोन्ही एकदम मिटतील असे वचन द्यावे आणि फवारणीवाल्याला बोलवावे.

बावखलात साठणाऱ्या पावसाच्या पाण्याचे आता काय, हा प्रश्न नवशिक्याला हमखास पडतो. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, मिठागरात माणसे अडकली. मग महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईकडून अभ्यास करून घेतला, आणि जाणकारांनी पावसाचे पाणी थोपवायला धारण तलाव सुचवले. म्हणजे खड्डा. वाडीच्या कडेचा, पाणी साठेल असा खड्डा. बुजवलेले बावखल पुन्हा खणायचे कंत्राट निघालेच, तर डंपरवाल्याचा फोन नंबर पुसू नये. भरलेली माती त्याच्याच ओळखीची आहे, दर कमी लावील.

तळमजल्यावर पार्किंग असेल तर उपसा पंप मे महिन्यातच सांगून ठेवावा. जुलैत मिळत नाहीत.