डाळ होते का?

आमच्या सोसायटीतले सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचा नववीचा तास अजून सुटलेला नाही. सकाळी पिशवी घेऊन भाजीला निघतात आणि मंडईतच शिकवायला लागतात. कोथिंबिरीची मुळं छाटायला भाजीवालीनं विळा उचलला, की हे ओरडतात, "थांबा मावशी! हे बघा सोटमूळ. आता कांद्याची पात दाखवा. मिशा आहेत ना? तंतुमूळ!" मावशी थंडपणे म्हणतात, "दहाला एक, पंधराला दोन."

केळीला झाड म्हटलेलं त्यांना खपत नाही. "ते खोड नव्हे हो, पानांच्या देठांची वळकटी!" बांबूला ते गवत म्हणतात. बाकी धान्यांना त्यांचा एकच सवाल, "डाळ होते का?" तूर, हरभरा, मूग द्विदल. ज्वारी, मका एकदल. लग्नाच्या पंगतीतही भिजवलेला शेंगदाणा सोलून शेजारच्याला दोन्ही पाकळ्या दाखवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

१८८३ साली आयक्लर या जर्मन शास्त्रज्ञानं वनस्पतींची अबीजपत्री आणि बीजपत्री अशी वाटणी केली. सरांनी ती सोसायटीलाही लावली आहे. ना मूळ, ना खोड, ना पान, पण चहा दिसला की पसरणारे ते शैवाल. गच्ची गळायला लागली की हिरवे होणारे आणि एरवी सुकून पडलेले ते मॉस, म्हणजे ब्रायोफायटा. अध्यक्ष टेरिडोफायटा, नेच्यासारखे. पिसारा मोठा, फूल ना फळ! तळमजल्यावरच्या काकू अनावृत्तबीजी. बियांवर फळाचं आवरणच नाही, त्यामुळे पोटात काही राहत नाही. खजिनदार मात्र पक्के आवृत्तबीजी. हिशेब फळाच्या आत!

परवा त्यांच्याकडे गोडा मसाला भाजणं चाललं होतं. बाईंनी दगडफुलाचा कुरकुरीत, करडा तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला. "अहो, हे कुठल्या खणात घालायचं?"

सर जरा चाचरले. "ही एक वनस्पतीच नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा संसार आहे तो. बुरशी आसरा देते, शैवाल अन्न तयार करतं."

बाईंनी कढईत उलथनं फिरवत विचारलं, "आणि बुरशी सकाळभर कुठे असते? मंडईत?"

सर निमूटपणे खलबत्ता घेऊन बसले.