फोटो वर जाईना

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही सेतू केंद्रात किंवा सीएससी सेंटरवर मुदतीच्या आदल्या दिवशी जाऊन उभे राहा. गेवराई असो, केज असो की पाटोदा, वाक्य एकच ऐकू येतं : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. 2024 मध्ये 15 जुलैची मुदत 31 जुलैवर गेली. मुदतवाढ झाली की ती सरकारची कृपा म्हणून सांगितली जाते. मला ती कबुली वाटते. अर्ज घेण्याची सोय पुरेशी नव्हती, याची कबुली.

विमा कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारा पीक विम्याचा 'बीड पॅटर्न' 2020 साली ज्या जिल्ह्याच्या नावाने सुरू झाला, तिथल्या शेतकऱ्याला आज इंटरनेट बघण्यासाठी लागतं त्याहून जास्त पाठवण्यासाठी लागतं. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली आणि उभ्या पिकाचा फोटो काढून तो सरकारी दप्तरात पोचवायचं काम शेतकऱ्याच्या फोनवर येऊन पडलं. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना घरोघरच्या बायकांनी कागदांचे फोटो चढवले. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर दाखले चढवायचे, परीक्षेच्या अर्जाला फोटो आणि सही जोडायची, अंबाजोगाईत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचं तर रोज फायली पाठवायच्या. सगळा माल घरातून बाहेर जाणारा आहे. आणि आपल्याला जे नेट विकलं जातं, ते बाहेरून घरात येणाऱ्या मालाचा हिशेब धरून बांधलेलं आहे. दुखणं इथे आहे.

ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, हे देशात सरकार ठरवतं. जानेवारी 2023 मध्ये ती व्याख्या सुधारली. आधी 512 केबीपीएस पुरे होते, आता किमान 2 एमबीपीएस हवेत. पण कशाचे? डाउनलोडचे. अपलोडचा आकडा त्या व्याख्येत नाहीच. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये हीच व्याख्या बदलली, तेव्हा 100 एमबीपीएस डाउनलोडबरोबर 20 एमबीपीएस अपलोडही लिहिलं गेलं. आपल्याकडे सरकार अर्ज, फोटो, दाखले, सगळं वर पाठवायला सांगतं आणि वर पाठवण्याचा वेग मात्र व्याख्येत लिहायलाही तयार नाही. ही विसंगती मला चीड आणते.

तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवरून फाईल जाईना, की कंपनीला शिव्या घालण्याआधी चूक कुणाची ते पकडा. महाडीबीटीवर एका कागदाची मर्यादा 256 केबी आहे. अर्धा एमबीपीएस अपलोड असला, तरी एवढी फाईल चार सेकंदांत जायला हवी. ती दहा मिनिटं गोल गोल फिरत असेल तर तीच फाईल स्वतःलाच ई-मेलने पाठवून बघा. मेल लगेच गेला, म्हणजे तुमची लाइन ठीक आहे आणि दुखणं पलीकडच्या सर्व्हरचं आहे. मग राऊटर बंद-चालू करण्यात रात्र घालवू नका. स्क्रीनचा फोटो तारीख-वेळेसह ठेवा आणि पहाटे पुन्हा प्रयत्न करा. मेलही अडकला, तर दुखणं घरात किंवा घराबाहेरच्या तारेत आहे.

आकड्यांची एक गफलत इथे बऱ्याच जणांची होते. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाईल मोजतो आपण मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. फोनने काढलेला पाच एमबीचा फोटो अर्धा एमबीपीएसवर सुमारे 80 सेकंद घेतो. 500 एमबीचा व्हिडिओ 2 एमबीपीएसवर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घेतो. यात लाइन बिघडलेली नाही, तेवढाच वेग विकलेला आहे. अर्जासाठी लागणारा फोटो आधी लहान करून घेतला, की निम्मा त्रास तिथेच संपतो.

वेग मोजायचा तर वाय-फायवर मोजू नका. राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल लावा आणि मग टेस्ट घ्या. जाड भिंती आणि त्यामागे पत्र्याची खोली, अशा घरात वाय-फायचा सिग्नल तिथेच मरतो आणि दोष कंपनीवर जातो. केबलवर वेग नीट आला, तर राऊटरची जागा बदला किंवा जवळ बसून 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय वापरा. टेस्ट करताना ॲपने निवडलेला जवळचा सर्व्हर सोडून मुंबईचा किंवा आणखी लांबचा एखादा सर्व्हर निवडूनही बघा. आपली फाईल शेजारच्या गावात थांबणार नसते.

केबलवरही अपलोड रडत असेल, तर घरातलं दुसरं कोण पाठवतंय ते शोधा. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो. मोबाइलवर दुकान बघता यावं म्हणून लावलेला सीसीटीव्ही कॅमेरा क्लाऊडवर सतत चित्र पाठवत असेल, तर एकेक कॅमेरा एक-दोन एमबीपीएस खातो. चार कॅमेरे आणि पाच एमबीपीएसचं अपलोड, म्हणजे तुमच्या अर्जाला उरलं काय? लग्नाहून परत आलेले फोन गुगल फोटोजवर शेकडो फोटो चढवत असतात. विंडोजमध्ये वनड्राइव्ह गुपचूप डेस्कटॉपची नक्कल वर नेत असतं. टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कचा रकाना बघा, कोण किती खातंय ते तिथे दिसतं. विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे. त्यात दुसऱ्या कॉम्प्युटरांशी देवाणघेवाण चालू असेल तर बंद करा.

अपलोड तुंबलं की डाउनलोडही बसतं. आलेल्या प्रत्येक माहितीची पोच परत पाठवावी लागते आणि ती पोच त्याच अरुंद वाटेने जाते. साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की मागचा मोटारसायकलवालाही अडकतो, तसं ते आहे. म्हणून "यूट्यूबसुद्धा चालंना" अशी तक्रार असेल, तेव्हाही आधी अपलोड कोणी अडवलंय ते बघावं.

हे झालं शहरातलं. बालाघाटाच्या रांगेत, आष्टी, पाटोदा, धारूरच्या डोंगराआडच्या गावांत घरचा कॉम्प्युटर फोनच्या हॉटस्पॉटवरच चालतो. तिथला प्रश्न वेगळा आहे आणि तो कोणी समजावून सांगत नाही. फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात येतो. फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचतो का, हे त्या सांगतच नाहीत. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो. फोनला 4जीवर साधारण 200 मिलिवॅट, म्हणजे वॅटच्या पाचव्या भागाचीच मुभा असते. त्यामुळे टॉवर लांब गेला की आधी अपलोड मरतं. व्हिडिओ दिसतो, फोटो जात नाही. त्यात 2300 मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यावर पाठवणं आणि घेणं एकाच लहरीवर पाळीपाळीने चालतं आणि ती पाळी बहुतेक वेळा डाउनलोडच्या बाजूने झुकवलेली असते. शेतकऱ्याचा फोन जुना आहे, त्याला वापरता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी वाचावं.

उपाय आहेत, पण ते थोडे कष्टाचे आहेत. फोन गच्चीवर किंवा टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा, आतल्या खोलीत नको. कॉम्प्युटर फोनजवळ नेता येत असेल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने जोडा, मधल्या वाय-फायची कटकट जाते. जास्त खोलवर पोचणाऱ्या 700 किंवा 850 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तुमच्या गावात कोणती कंपनी आहे ते शेजारच्यांना विचारा आणि दुसरं सिम त्या कंपनीचं घ्या. ई-पीक पाहणी शेतात करून ठेवा आणि रेंज असलेल्या ठिकाणी येऊन अपलोड करा, शेवटच्या आठवड्याची वाट न बघता.

फायबर आलेल्या घरांनी एक आकडा पाठ करावा. घरातल्या फायबर मोडेमच्या स्टेटस पानावर ऑप्टिकल पॉवर दिसते. ती उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या मध्ये हवी. उणे 27 च्या खाली घसरली असेल, तर कुठेतरी जोड सैल आहे, कनेक्टर मळला आहे किंवा खांबावरच्या तारेला करकचून वळण बसलं आहे. कंपनीकडून दुरुस्तीला आलेल्या मुलाला "नेट स्लो आहे" म्हणू नका, तो राऊटर बंद-चालू करून निघून जाईल. "पॉवर किती आहे ते मोजून दाखव" म्हणा. पॉवर ठीक असून संध्याकाळीच वेग पडत असेल, तर बहुधा एका तारेवर जास्त घरं बसवली आहेत. जीपॉन नावाच्या या पद्धतीत डाउनलोडला साधारण 2.5 गिगाबिट आणि अपलोडला त्याच्या निम्मे, 1.25 गिगाबिट असतात, आणि ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. म्हणजे तारेला अपलोड जमत नाही, हे खोटं आहे. जिओफायबरने 2020 मध्येच डाउनलोड आणि अपलोडला सारखा वेग जाहीर केला होता. एकाला जमतं ते बाकीच्यांनाही जमायला हवं. हात आखडता घेणं हा धंद्याचा निर्णय आहे.

वेग सांगितल्यापेक्षा कमी येत असेल, तर लॅन केबलवर घेतलेल्या टेस्टचे दोन-तीन दिवसांचे स्क्रीनशॉट जमा करा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं. ते अपील फुकट असतं आणि त्याचा निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ही पायरी बहुतेक गिऱ्हाइकांना कोणी सांगतच नाही, म्हणून ती इथे मुद्दाम लिहितो.

आणि जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना एक मागणी. ब्रॉडबँडच्या व्याख्येत किमान अपलोड वेग लिहून घ्या आणि बिलावर तो छापणं सक्तीचं करा. तोवर वाचकांनी नवं कनेक्शन घेताना अपलोड किती, हे आधी विचारावं आणि ते उत्तर पावतीवर लिहून घ्यावं.