आघाडी मिळताच पाय आखडणाऱ्या चढाईपटूस

गड्या,

तुझा हिशेब पक्का आहे, हे मान्य. संघ चार गुणांनी पुढे गेला की तू मध्यरेषा ओलांडतोस, निदान रेषेपलीकडे पाय टेकवतोस, तीस सेकंदांतली बरीचशी तिथेच झुलत घालवतोस आणि कुणालाही न शिवता परत येतोस. फार तर बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून, मागचा हवेत ठेवून एक गुण उचलतोस. जळगाव-धुळ्याकडच्या गावांत दिवसभर केळीत, कापसात राबलेली माणसं रात्री मैदानाच्या कडेला दाटीवाटीने उभी राहतात, ती काय घड्याळ बघायला?

बोनसवर माझा राग नाही. समोर किमान सहा गडी असतील तरच तो मिळतो, कारण भरल्या मैदानात आत शिरण्याची ती किंमत आहे. तू त्यातली जोखीम काढून टाकलीस आणि गुण तेवढा ठेवलास.

रग्बीत हाच वाद ड्रॉप गोलवरून आहे. चालू खेळात चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीवरून उसळताच लाथेने खांबांमधून, आडव्या दांडीवरून धाडायचा. 1948 पर्यंत त्याला 4 गुण होते आणि सगळा बचाव फोडून गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, तर त्या ट्रायला 3! नियमकर्त्यांनी ही चूक सुधारली. ड्रॉप गोल 3 वर आला. ट्राय 1971 मध्ये 4 चा आणि 1992 मध्ये 5 चा झाला. तरीही 2003 चा विश्वचषक इंग्लंडने ड्रॉप गोलवरच जिंकला. सिडनीत 17-17 अशी बरोबरी, जादा वेळ संपत आलेला. पण इंग्लंडच्या विल्किन्सनने ती विजयी लाथ मारण्याआधी त्याचा सहकारी डॉसन बचावात घुसला होता, दुसरा सहकारी जॉन्सन अंगावर माणसं घेऊन पुढे सरकला होता. आधी चढाई, मग लाथ. तू चढाईच गाळलीस.

प्रो कबड्डीला तुझ्यासारख्यांसाठीच 'करो या मरो'चा नियम लागतो: दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. आणि त्या तिसऱ्या चढाईत तू काय सुरेख खेळतोस! कोपरारक्षकाला पायाने टिपतोस, साखळीवरून उडी घेऊन मध्यरेषा गाठतोस. म्हणजे खेळ तुला येतो. तू तो राखून ठेवतोस. हाच माझा आरोप आहे.

पुढच्या सामन्यात आघाडी असताना, पहिल्याच चढाईत कुणाला तरी शिवून ये. पकडला गेलास तरी टाळ्या आम्ही वाजवू.