पंधरा दिवसांचे वर्ष

क्षेत्र बदलण्याची भीती घालवा, असे सांगणाऱ्यांना हिशेब कळत नाही. नावडत्या खुर्चीत काढलेल्या एका वर्षाची किंमत १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यानेच ठरवून दिली: पंधरा दिवसांचा पगार, तोही सलग पाच वर्षे दम धरला तर. मन मारण्याला इतका चोख दर अन्य कोण देते? कोणी म्हणेल, डॉ. श्रीराम लागूंनी ४२व्या वर्षी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून रंगभूमी धरलीच ना? धरली. नटसम्राट मिळाला, पण एक घसा तपासणारा गेला त्याचे काय? सगळेच असे सुटले, तर ऐन स्वगतात खोकणाऱ्या प्रेक्षकाला औषध कोण देणार? त्यापेक्षा नेमाने भिणारा सरकारी कारकून पाहा. त्याचे क्षेत्र ५८व्या वर्षी सरकार स्वतःच बदलून देते, शाल-श्रीफळासह. राजीनामासुद्धा लिहावा लागत नाही.