ढवळ्याशेजारचा पवळ्या

दिवाळी अंकासाठी विनोदी लेख हवा म्हणून फोन आला, की आमचे लेखकमहाशय लिहायला बसत नाहीत, वाचायला बसतात. ते याला 'तयारी' म्हणतात. बायको 'टाळाटाळ' म्हणते.

तयारीचा घोळ असा, की जे वाचावं तेच पेनातून उतरतं. एका वर्षी 'कोसला' हाती लागली. आठवडाभर ते 'उदाहरणार्थ चहा वगैरे' मागत फिरत होते. शेवटी बायकोने समोर उदाहरणार्थ कप आणून ठेवला. रिकामा. पुढच्या वर्षी जी. ए. कुलकर्णी वाचले, तर सोसायटीची टाकी धुण्याच्या अर्जात नियती आणि ओसाड माळ शिरला. टाकी धुतली गेली नाही, सेक्रेटरी मात्र संध्याकाळी येऊन "घरी सगळं बरं आहे ना?" विचारून गेले.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. यांना नुसताच हंबरडा लागत होता.

यंदा हाती आलं 'संशयकल्लोळ'. रस्त्यात घेरी आलेली तरुणी, तिला सावरणारा परका नवरा, खिडकीतून ते नेमकं बघणारी त्याची बायको आणि खाली पडलेली एक तसबीर. ही सगळी मांडामांड मोलिएरची, 1660 सालच्या पॅरिसमधली. आर्थर मर्फीने ती 1761 साली लंडनच्या रंगभूमीवर नेली. मर्फीच्या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक केलं आणि मग त्यात पदं घातली. तेच 1916 साली 'संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आलं. म्हणजे संशय फ्रेंच, बोट इंग्रजांची आणि कल्लोळ आपला.

उसनवारी एवढी उघड, तरी नाटक परकं का वाटत नाही? महाशय पात्रांच्या यादीपाशी अडले. फाल्गुनराव, अश्विनशेट, कृत्तिका, रेवती. देवलांनी माणसं मोलिएरच्या घरून आणली, पण बारसं केलं पंचांग उघडून! संशयी, उतरत्या वयाच्या नवऱ्याला वर्षातला शेवटचा महिना, त्याच्या तरुण बायकोला झगमगतं नक्षत्र, आणि नोकर म्हणून भादव्या. शेवटचा महिना देवलांनी मुद्दाम निवडला असेल की नसेल. महाशयांनी तेवढ्यावर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पुलंनीही तेच केलं. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली लंडनची फुलवाली 1975 साली मराठीत आली ती मंजुळा होऊन, आणि नाटकाला नाव मिळालं बालकवींच्या 'फुलराणी'चं. शॉने तरी 'पिग्मॅलियन' हे नाव कुठून आणलं होतं? ग्रीक पुराणातून.

महाशय उठले. "आपल्याकडे पंचांग आहे का गं?"

"स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. काय बघायचं ते तिथेच बघा, काढू नका. त्यावर दुधाचा हिशेब आहे."

ते भिंतीशी उभे राहिले. 12 तारखेला 'अर्धा जादा, पाहुणे'. 13 ला 'खाडा'. 14 ला 'नासलं' आणि त्यापुढे जोरात ओढलेली रेघ. संकष्टीच्या चौकोनात भैयाचं नाव आणि प्रश्नचिन्ह. एका महिन्यात पाहुणे, भांडण, उपास आणि शंभर रुपयांचा वाद. पात्रं तयार, तिथ्याही तयार.

लेख त्या रात्रीच झाला. त्यात कुठेही 'वगैरे' नाही. दुधाचं बिल मात्र अजून द्यायचं राहिलंय.