वाहन नसलेला पाऊस

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते. मृगापासून स्वातीपर्यंत बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, उंदीर, गाढव असा सगळा तबेला ठरलेला असतो आणि वाहनावरून पावसाची पत जोखतात. म्हशीवरून आला तर विहिरी भरतील, गाढवावरून आला तर बघू. स्वाती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. त्यानंतर विशाखा-अनुराधेत अहिल्यानगर जिल्ह्यात जो पाऊस येतो तो पायी येतो. त्याला अवकाळी म्हणतात. पायी आल्यामुळे तो दमलेला असतो, बरसत नाही, पण मुक्काम चार-पाच दिवसांचा ठोकतो.

हा पाऊस समुद्रावरून येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा किंवा एखादे चक्रीवादळ तयार होते आणि दमट वारे जमिनीवर ढकलते. उत्तरेकडून पश्चिमी झंझावातामागची गार हवा उतरते. दोन्ही मध्य महाराष्ट्रावर भेटली की आभाळ येते. वादळाने स्वतः यायलाच हवे असे नाही. डिसेंबर २०१७ मधले ‘ओखी’ गुजरातच्या वाटेवरच दमले, तरी राज्याच्या बऱ्याच भागावर त्याने ढगांचे छत धरले. बांगलादेशाने दिलेल्या त्या नावाचा अर्थ डोळा. ज्यांच्यावर छत होते त्यांच्या डोळ्यांना तेवढे दिवस सूर्य दिसला नाही.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यात सर्वांत मोठे. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर, तिथल्या घाटघर-रतनवाडीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस; पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे पाचशे-सहाशेची मारामार. एवढ्या मुलखाला अंदाजाचे वाक्य मात्र एकच मिळते: अहिल्यानगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता. (२०२४ पासून या वाक्यात अहमदनगरच्या जागी अहिल्यानगर आले. बोलण्यात ते पूर्वीही नगर होते, आताही नगरच आहे.) ‘तुरळक ठिकाणी’ला हवामानशास्त्रात पक्का अर्थ आहे: फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. पारावर टक्केवारी कोणी काढत नाही. तिथे त्याचा अर्थ ‘आपल्याकडे नाही’ असा लागतो, आणि ज्याचा कांदा काढून शेतात पडला आहे तो ‘फक्त आपल्याकडे’ असा लावतो. दुसऱ्याचा अंदाज जास्त वेळा खरा ठरतो, असे दुसरा सांगतो.

सर्वांत वादग्रस्त भाग थंडीचा. ढग रात्री गोधडीचे काम करतात. जमिनीतून निघणारी उष्णता वर निसटू देत नाहीत. त्यामुळे पहाटेचे किमान तापमान चढते. दिवसा तेच ढग ऊन अडवतात आणि कमाल तापमान उतरते. कमाल आणि किमान शेकोटीला बसल्यासारखी एकमेकांना खेटून बसतात. बातमी येते: किमान तापमानात वाढ, थंडीचा कडाका कमी. ती ऐकणाऱ्याच्या अंगात स्वेटर, त्यावर जर्किन, त्यावर शाल आणि सगळ्यावर रेनकोट असतो. तो कानटोपी एका बाजूने उचलून पुन्हा ऐकतो. बातमी खरीच असते. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली यावे लागते. भर दुपारी ओल्या वाऱ्यात वाजणारे दात मोजण्याचे यंत्र कोणत्याही केंद्रावर नाही.

पावसाचेही तेच. २४ तासांत २.५ मिलिमीटरहून कमी पडला तर तो दिवस पावसाचा धरत नाहीत. अवकाळी हा हिशेब जाणून असल्यासारखा भुरभुरतो. सकाळपासून भुरभुर, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओले, गल्लीत चिखल, आणि नोंदवहीत दिवस कोरडा. ऐन थंडीत पंखा फक्त याच आठवड्यात लागतो. पंख्याखाली शाळेचे मोजे असतात, माणसे गोधडीत.

शेतात या पावसाचे स्वागत बांधागणिक बदलते. कर्जत-जामखेडच्या जिरायत ज्वारीला एखादी हलकी सर म्हणजे फुकटचे पाणी. गव्हाची पेरणी राहिलेला शेतकरी वाफशाची वाट बघत बसतो. वाफसा म्हणजे बी रुजेल इतकी ओल आणि पाय रुतणार नाही इतका कोरडेपणा. अवकाळीच्या आठवड्यात तो रोज उद्यावर जातो. शेवगावकडे बोंडातला कापूस भिजून त्याच्या वाती होतात. काढलेल्या लाल कांद्यावर प्लास्टिकचा कागद पडतो, उभ्या कांद्यावर करपा. ऊसतोड थांबते, बैलगाड्या फडातच रुततात, कारखान्याची गव्हाण उपाशी राहते. फडाशेजारच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत पाणी शिरते; तिथे कोणी भज्यांचा विषय काढत नाही. तो विषय शहरात निघतो, आणि भजी कांद्याचीच लागतात.

मेंढपाळाची गोष्ट निराळी. १ डिसेंबर २०२१ च्या पावसात आणि गारठ्यात पारनेर, संगमनेर, अकोले आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यात उघड्यावर बसवलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. लोकर ओली झाली की पुरेशी ऊब देत नाही, नुसते ओझे होते, आणि लहान कोकरांना ते पेलत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला पारनेर तालुक्यात गारा पडल्या, उभी पिके झोडपली गेली. त्या दिवशी पाऊस पायी आला असे म्हणणे कठीण आहे.

मग पंचनामा येतो. अतिवृष्टी हा शब्द लागायला महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस लागतो, आणि मदतीसाठी पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. ३२ टक्के सडलेला कांदा, कागदावर, चांगला कांदा असतो. सडण्याचे टक्के वासावरून काढता येत नाहीत, म्हणून चिखलात उभे राहून फोटो काढतात; आभाळ भरलेले असल्यामुळे फोटो काळे येतात.

सहाव्या-सातव्या दिवशी आभाळ उघडते. ढगांची गोधडी निघाल्यामुळे रात्री जमिनीची उष्णता सुटते, पहाटे दव आणि धुके पडते आणि किमान तापमान झपाट्याने उतरते. आता बातमी म्हणते, थंडीचा कडाका वाढला. ती ऐकायला घरात कोणी नसते. सगळे गच्चीवर गाद्या उन्हात टाकायला गेलेले असतात, स्वेटर काढून. जाताना कोणीतरी पंखा बंद करते. मोजे वाळलेले असतात.